पुडी न सोडणाऱ्या बाई

बाईंच्या हातून औषधाची पुडी सोडवून घेणं हे काम होतं. पुडी समोर आली म्हणून आपण भाबडेपणाने हात पुढे करावा, तर तिचं दुसरं टोक बाईंच्या चिमटीत तसंच. आपण जरा ओढून बघावं, चिमटी आणखी घट्ट. मग बाई चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "सांगा बघू."

मग सांगायचं. कुठली गोळी सकाळी, कुठली रात्री, कुठली उपाशीपोटी, कुठली जेवल्यावर, कुठली घेतली की गाडी चालवायची नाही. सगळं बरोबर आलं की चिमटी सैल. चुकलं की पहिल्यापासून. मागे रांगेत कोणी घड्याळात बघून "च्यक" केलंच, तर बाई त्याच्याकडे मान न वळवता म्हणायच्या, "तुमचाही नंबर येणार आहे. तोवर पाठ करा."

टेंभी नाक्याहून आत वळलं की चपलांच्या दुकानाला खेटून बाईंचं मेडिकल. मेडिकल म्हणजे तरी काय, एक लांबट बोळ, त्याला तीन बाजूंनी फळ्या आणि चौथ्या बाजूला बाई. वय साठीच्या पुढे, सुती साडी, वर पांढरा कोट, पायात पोरं घालतात तसले स्पोर्ट्‌स शूज, आणि गळ्यात नाडीला अडकवलेली कात्री. दुकानात खुर्ची होती. ती बाईंच्या पर्सला बसायला. बाई स्वतः दिवसभर उभ्या. साडीवर ते बूट कसे दिसतात, असं एकदा त्यांच्या यजमानांनी विचारलेलं म्हणे. बँकेतून रिटायर झालेला सज्जन माणूस. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. ते रोज सकाळी डबा घेऊन यायचे, काउंटरच्या बाहेर उभे राहायचे आणि स्वतःच्या प्रेशरच्या गोळीसाठी बाकीच्या जगासारखंच म्हणून दाखवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली म्हणून सूट नाही.

गिऱ्हाइकं तयारी करूनच यायची. एक रिक्षावाले काका रिक्षा बाजूला घेता घेताच सुरू व्हायचे, "जेवणानंतर एक, रात्री अर्धी, चक्कर आली तर खाली बसायचं, द्या!" एक रिटायर्ड हेडमास्तर होते. आयुष्यभर त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतलेलं, पण स्वतःवर वेळ आली की सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी. तीनदा नापास झाले की बायकोला पाठवायचे.

समोर एक नवीन काचेचं मेडिकल उघडलेलं. आत एसी, बाहेर डिस्काउंटची पाटी, शाम्पू, चॉकलेटं, सगळं. तिथे कोणी काही विचारायचं नाही. बाईंची बरीच माणसं हुश्श करून तिकडे गेली. आणि मग एकेक करून परत आली. एक आजी तर रागानेच आलेल्या. "अहो, तिकडे पिशवी देतात नि पुढचा बघतात. मी सगळं पाठ करून गेलेले, कोणी ऐकूनच घेईना!" बाईंनी त्यांचं ऐकून घेतलं.

मराठीत पुडी सोडणं याचा आणखी एक अर्थ होतो, तो तुम्हाला माहीत आहे. त्या अर्थानेही बाई कधी पुडी सोडत नसत. आख्ख्या पेठेत कोणाला साखर झाली, कोणाला रात्री झोप लागत नाही, कोणाचा मुलगा डोकं शांत व्हायच्या गोळ्या खातो, कोणाला मूल हवंय आणि कोणाला नकोय, हे सगळं त्या कोटाच्या आत जमा. बाहेर काही यायचं नाही. रांगेत कोणी नाजूक आजाराचं माणूस असलं की बाई बाकीच्यांना हुकूम सोडायच्या, "मागे व्हा. अजून. अजून. त्या शहाळेवाल्यापाशी जाऊन उभे राहा." आणि चारचौघे निमूटपणे रस्ता ओलांडून शहाळेवाल्यापाशी जायचे. शहाळेवाल्याचा धंदा त्यावर बरा चालायचा.

मी तिथे गेले ती ट्रेनिंगला. डी. फार्मचा अभ्यास संपला की मेडिकलमध्ये काम शिकावं लागतं. मला आधी कल्याणचं एक दुकान मिळालेलं, पण त्यांनी ऐन वेळी नाही म्हटलं आणि आमच्या सरांनी फोनाफोनी करून मला बाईंच्या गळ्यात घातलं. घरी फक्त आईला सांगून निघाले. दादाला सांगायला तो घरी होता कुठे? सकाळीच वागळे इस्टेटला कामावर गेलेला. बाबा गेल्यापासून घर त्याच्यावरच. खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. आणि नुकताच त्याचा साखरपुडा झालेला, त्यामुळे उरलेला वेळ तो फोनवर.

मी नवा पांढरा कोट इस्त्री करून घेऊन गेलेले. बाळकुमहून बस पकडताना तो चुरगळू नये म्हणून सगळा वेळ उभी. दुकानात शिरायला फळी उचलणार, तर बाईंनी ती वरून दाबून धरली.

"कुठे?"

"आत. ट्रेनिंगला. सरांनी फोन केलेला ना?"

"केला होता. कोट घडी करून पिशवीत ठेव. आणि बाहेर उभी राहा."

"बाहेर म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावर. रांगेत. नंबर आला की पुन्हा मागे जाऊन उभी राहायचं."

मला वाटलं, मस्करी करताहेत. नव्हत्या करत. "दोन वर्षं तुला औषधं शिकवली," बाई म्हणाल्या. "काउंटर बाहेरून किती उंच आहे, ते कोणी दाखवलं नसेल. ते बघून घे. मग आत ये."

तर माझ्या फार्मसिस्ट म्हणून आयुष्याची पहिली सकाळ मी रांगेत गिऱ्हाईक म्हणून काढली, हातात कागद नाही, अंगात ताप नाही. पहिल्यांदा नुसतीच चिडले. मग कंटाळले. मग हळूहळू कान उघडले. माझ्यापुढच्या बाईला आपल्या मुलीसाठी काहीतरी हवं होतं, पण मागे मी उभी म्हणून ती तीनदा "तुम्ही घ्या आधी" म्हणाली. मी पुढे गेले, काउंटरवर हात ठेवला, आणि खरंच, तो माझ्या छातीपर्यंत येत होता. पलीकडे बाईंचे हात काय करताहेत ते काही दिसेना. बाई मान खाली घालून गोळ्या कापत होत्या आणि मला उगाचच अपराधी वाटायला लागलं, काही चुकीचं मागायला आल्यासारखं. एक आजोबा सगळे खिसे चाचपून चिठ्ठी शोधत होते. मी त्यांच्यामागे चारदा उभी राहिले असेन, कारण ते दर वेळी काहीतरी विसरून परत येत होते. चौथ्या वेळी त्यांनीच मला विचारलं, "काय गं पोरी, तुझं औषध मिळतच नाहीये का?"

बाई डॉक्टरांना फोन करताना मी पहिल्यांदा ऐकलं तेही बाहेरूनच. एका चिठ्ठीवर त्यांनी बराच वेळ भिंग धरलेलं. मग फोन लावून अत्यंत मऊ आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं अक्षर फार सुरेख आहे. नक्षीच. फक्त अर्थ तेवढा सांगा." पलीकडून काहीतरी चिडका आवाज. "नाही नाही, अंदाज मी बांधू शकते. पण माझ्या अंदाजाची गोळी तुमच्या पेशंटच्या पोटात जाईल ना." मग पलीकडून नाव आलं. बाईंनी ते डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घेतलं. डॉक्टर असले म्हणून काय झालं!

दुपारी रस्ता ओस पडल्यावर बाईंनी फळी उचलली. "ये. घाल कोट." मी तो घातला तेव्हा मला कोणी बक्षीस दिल्यासारखं वाटलं. पण काउंटरला उभं राहायचं नव्हतं. खालचे खण उपसायचे, मुदत संपत आलेल्या स्ट्रिपा बाजूला काढायच्या. मी मांडी घालून फरशीवर बसले. डोक्यावर काउंटर, समोर बाईंचे बूट. बाई वरून सांगत होत्या, "स्ट्रिप कापताना तारीख छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायची. माणसं उरलेली गोळी वर्षभराने खातात. तारीख कापून टाकलीस तर ती कशाच्या भरवशावर खाणार?"

मी हो म्हणाले. तेवढ्यात वरून आवाज आला, "बाई, नेहमीच्या."

आवाज ओळखीचा होता. डोंबिवलीच्या माझ्या होणाऱ्या वहिनीचा. ती ठाण्यातच एका ऑफिसात अकाउंट्‌स बघायची, जेवणाच्या सुट्टीत आली असणार. साखरपुड्यात आम्ही दोघी खूप हसलेलो. मी आनंदाने उठणारच होते. गुडघ्यावर आलेही होते. तेवढ्यात बाईंचा हात एका खणाकडे गेला आणि तिथून त्यांनी काढलेली स्ट्रिप मला दिसली. ती गोळी मी ओळखत होते. परीक्षेत मोठा प्रश्न आलेला त्याच्यावर. फिट येणाऱ्यांची.

मी परत खाली बसले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. पाय आपोआप वाकले.

डोक्यात एकदम गर्दी झाली. ही नेहमीच्या म्हणाली. म्हणजे किती दिवस? दादाला माहीत आहे? आईला तर नक्कीच नाही. आईला माहीत असतं तर शेजारणीला माहीत असतं. मग हिने लपवलं? एवढं हसली आमच्यात बसून आणि लपवलं? आपल्या गल्लीत कोणाला कळू नये म्हणून डोंबिवली सोडून इथे येते? मला राग आला. आणि त्या रागातच मी ठरवून टाकलं, घरी गेल्या गेल्या सांगणार.

वर बाईंनी पुडी पुढे केली होती. "सांगा बघू."

"सकाळी एक, रात्री एक. चुकवायची नाही. चुकलीच तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत." ती घडाघडा म्हणाली. अर्थात. सवयीचं होतं तिच्या.

पण चिमटी सैल झाली नसावी. कारण बाईंचे बूट हलले नाहीत. "बोटात अंगठी दिसते," त्या म्हणाल्या.

"हो. साखरपुडा झाला."

"अभिनंदन. मग आजपासून दोन प्रश्न वाढले. पहिला. मूल हवं असेल तेव्हा काय करणार?"

"आधी डॉक्टरांना विचारणार. गोळी बदलावी लागेल कदाचित."

"आणि स्वतःच्या मनाने?"

"बंद करणार नाही."

"बरोबर. दुसरा. ही गोळी घेणाऱ्या माणसाच्या घरात कोणालातरी माहीत असावं लागतं. फिट आली तर काय करायचं आणि काय नाही. तुमच्या नव्या घरात कोणाला माहीत आहे?"

खाली मी हातातली स्ट्रिप फरशीवर ठेवली.

"त्यांना," वहिनी म्हणाली. "बघायला आलेले तेव्हाच गच्चीत सांगितलं मी. म्हटलं, नंतर कळण्यापेक्षा आत्ता उठून गेलेलं बरं. तर ते म्हणाले, मला पण एक सांगायचंय, मी घोरतो."

बाई हसल्या. बाईंचं हसू म्हणजे नाकातून एक फुंकर. मला मात्र रडूच फुटायला आलं. दादाला माहीत होतं! आणि हा पठ्ठ्या इतके दिवस घरात बसून चटणी मागत होता, झोपत होता, घोरत होता, अक्षर बोलला नाही.

"ते कामावर गेल्यावर घरात कोण असतं?" बाईंची परीक्षा चालूच.

"सासूबाई. त्यांना सांगायचंय अजून. हे रोज म्हणतात आज सांगतो, आज सांगतो. धीरच होत नाही त्यांना." ती जरा थांबली. "एक बहीण आहे त्यांची. फार्मसीच शिकते. तिला सांगायचं माझ्या मनात होतं, पण हे म्हणाले, नको. ती फार बडबडी आहे. तिला सांगितलं की रेडिओवर सांगितल्यासारखं."

मी फरशीवर बसून माझ्याच भावाचं माझ्याबद्दलचं मत ऐकत होते.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं. त्यांनी खाली माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. बघणार तरी का? त्यांना कुठे माहीत होतं?

"मला आवडली ती," वहिनी म्हणाली. "बोलते खूप. पण खोटं नाही बोलत."

आता काय करायचं होतं? बसून राहिले असते तर ती पुडी घेऊन निघून गेली असती, आणि मी कधी काही ऐकलंच नाही असं तोंड करून जन्मभर तिच्यासमोर वावरले असते. ते मला जमलं नसतं. दादा म्हणतो ते खरंच आहे, मला पोटात काही ठेवता येत नाही. मी काउंटरला धरून उठले. पायांना इतक्या मुंग्या आलेल्या की सरळ उभंही राहता येईना. केसांना खणातली धूळ.

"वहिनी," मी म्हणाले. तोवर मी तिला ताई म्हणायचे.

तिचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. दुसरी कोणी असती तर काहीतरी समजुतीचं बोलली असती. बाईंनी पुडी होती तशीच चिमटीत धरली आणि माझ्याकडे वळल्या.

"फार्मसी शिकतेस ना? सांग बघू. फिट आली तर?"

"आजूबाजूच्या इजा होईल अशा वस्तू दूर करायच्या," मी म्हणाले. "डोक्याखाली मऊ काहीतरी. घट्ट कपडे सैल. दाबून धरायचं नाही. तोंडात चमचा-बिमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल."

"आणि कांदा? चप्पल?"

"नाही हुंगवायची."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"पाणी द्यायचं."

"नापास!" बाई कडाडल्या. "पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काही नाही. पाणीही नाही. शेजारी बसायचं आणि सांगायचं, मी आहे. पहिल्यापासून म्हण."

मी पहिल्यापासून म्हटलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी पाठ म्हणत होते. समोर वहिनीही रडत होती, आणि रडता रडता जिथे मी अडखळले तिथे ओठांनी मला सांगत होती, वर्गात शेजारची मुलगी सांगते तशी. शेवटपर्यंत बरोबर आलं, तेव्हा बाईंनी पुडी सोडली.

ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "आज तू बाहेर आलीस ते तुझ्या घरातलं माणूस होतं म्हणून. परत कोणाच्या बाबतीत असं काउंटरखालून उगवलीस, तर कोट काढून शहाळेवाल्याकडे कामाला लावीन."

त्या संध्याकाळी दादाला गच्चीवर गाठलं. आधी मी त्याला बडबडी या शब्दाबद्दल बोलले, मग बाकीचं. त्याने रविवारी आईला सांगायचं कबूल केलं. रविवारी तो म्हणाला, आज तिचं प्रेशर वाढलेलं दिसतंय. सोमवारी उपास होता. मग तिला सिरियलमधलं कोणीतरी मेल्याचं वाईट वाटत होतं. असं करत करत त्याने दोन आठवडे काढले. शेवटी वहिनीच आली, एकटी. आई स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसलेली. वहिनी समोर पाटावर बसली, चार कोलंब्या सोलल्या आणि सांगून टाकलं. लहानपणी पहिली फिट कधी आली तिथपासून, गेली काही वर्षं एकही आली नाही इथपर्यंत.

आईने उरलेली कोलंबी सोलून संपवली. मग हात धुतले. मग विचारलं, "ह्या दोघांना माहीत होतं?"

"हो."

"ठीक आहे," आई म्हणाली.

ठीक काही नव्हतं. आमच्या दोघांशी तिने बोलणं टाकलं. ताट समोर आपटायची आणि वळायची. "मला सोडून आख्ख्या ठाण्याला माहीत," एवढंच कपाटाला, भांड्यांना, देवाला सांगायची. वहिनीशी मात्र रोज फोनवर व्यवस्थित बोलायची. पण मला आईचा रागाखालचा आवाज ओळखता येतो. ती घाबरलेली होती. एका दुपारी गॅससमोर नुसतीच उभी असलेली मला दिसली. कढईत काही नव्हतं. ती त्या कढईकडे बघत होती.

नवरात्रात ती मला म्हणाली, "देवीला जायचंय. येताना तुझं ते दुकान दाखव." इतक्या दिवसांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं सरळ वाक्य.

टेंभी नाक्याला नवरात्रात काय गर्दी असते, ते ठाणेकराला सांगायला नको. दर्शन घेऊन आम्ही ढकलत, ढकलले जात बाईंच्या दुकानाशी पोचलो. लाउडस्पीकर इतका जोरात की फळीवरच्या बाटल्या थरथरत होत्या. बाई कात्री घेऊन उभ्याच.

"नमस्कार. मी हिची आई," आई ओरडून म्हणाली.

"बरं," बाई ओरडून म्हणाल्या.

"माझी होणारी सून तुमच्याकडनं औषध नेते. फिटचं. तुम्ही तिला इतकी वर्षं बघताय. मला खरं खरं सांगा, मुलगी कशी आहे?"

"कोण सून?"

"अहो, डोंबिवलीची! उंच, गोरी. ही होती ना तेव्हा दुकानात."

"माझ्याकडे पुष्कळ उंच मुली येतात."

"बाई, आम्हाला सगळं माहीत आहे. तिनेच सांगितलंय!"

"मग झालं तर. पुढचंही तिलाच विचारा."

आईचा चेहरा लाल. मी मधे पडणार होते, पण बाईंनी मला एका नजरेत फळीशी चिकटवलं. आई आता भांडणार, असंच मला वाटलं. पण ती एकदम खचल्यासारखी झाली. काउंटरवर दोन्ही हात टेकले. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. ओरडावंच लागत होतं, पण ते ओरडणं नव्हतं. "घरात मी एकटीच असणार तिच्याबरोबर. तळण चालू असताना आलं तर? मोरीत असताना आलं तर? मी काय करू?"

बाईंनी कात्री सोडली. ती नाडीला लोंबत राहिली. "तुमच्या सुनेचं मला काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण असं माणूस घरात असलं की कढई मागच्या शेगडीवर ठेवावी, हे मी सगळ्यांनाच सांगते. मोरीला आतून कडी लावू नये. बाकी सगळं करू द्यावं. स्वयंपाक, नोकरी, गरबा. जागरण तेवढं नको. आणि गोळी वेळेवर घेणारं माणूस असेल तर अर्धी भीती तिथेच टाकावी. वेळेवर गोळी घेणारी माणसं मी या दुकानात फार थोडी पाहिली आहेत."

आई ऐकत होती. मग बाईंनी तिच्याकडून ते सगळं म्हणवून घेतलं. कढई, मोरी, कुशीवर वळवणं. हातात पुडी नव्हती, तरी आईने शाळकरी मुलीसारखं म्हणून दाखवलं. एकदाही चुकली नाही. माझ्याकडे एक विजयी नजर टाकली.

मी म्हटलं, "चल आता."

ती हलेना. पदराशी चाळा करत बाईंच्या अंगावरून मागे बघत राहिली. "बाई, तुम्ही कोणाचं कोणाला सांगतच नाही का?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"मग माझं एक होतं," आई म्हणाली.

त्या गर्दीत लोकांना कुठे मागे सारणार? बाईंनी फळी उचलली. जिथे मला आत यायला अर्धा दिवस लागला, तिथे आई तडक आत गेली. मागे सलाइनच्या खोक्यांच्या आड एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा, तिथे त्या दोघी. मला बाईंनी काउंटरवर ठेवलं. पहिल्यांदाच. मी खोकल्याची बाटली दिली, पट्ट्या दिल्या, कान मागे लावून ठेवले, पण लाउडस्पीकरपुढे काही ऐकू आलं नाही. आई बऱ्याच वेळाने बाहेर आली. हातात खाकी पुडी, डोळे पुसलेले, आणि चेहरा असा हलका की किती वर्षांनी बघितला.

रिक्षात मी विचारलं, "आई, तुला काय होतंय?"

"मला? कुठे काय?" आई म्हणाली आणि पर्स मांडीवर ओढून घेतली. मी खूप खोदून बघितलं. अजूनही मला माहीत नाही. ट्रेनिंगचा बाकीचा सगळा काळ मी त्या दुकानात होते, आई दर महिन्याला यायची, आणि बाई मला शहाळेवाल्यापाशी पाठवायच्या.

मार्गशीर्षात लग्न झालं. आईने बाईंना स्वतः जाऊन आमंत्रण दिलेलं. बाई यजमानांना घेऊन आल्या. पैठणी, आणि पायात तेच बूट. मी धावत जाऊन त्यांना स्टेजवर घेऊन गेले. आमचे सगळे नातेवाईक तिथे जमलेले, काका-काकू, संगमेश्वरहून आलेली आत्या, तिच्या सुना. आत्या म्हणजे चालतीबोलती चौकशी. तिने लगेच कान टवकारले.

बाईंनी दादाच्या हातात पाकीट दिलं. मग वहिनीसमोर उभ्या राहिल्या. चष्म्याच्या वरून नाही, समोरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "छान दिसताय हो. नाव काय तुमचं?"

वहिनी क्षणभर गोंधळली. मग तिला कळलं. तिने सरळ चेहऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं. "आपण?"

"मी मेडिकल चालवते. तुमची नणंद माझ्याकडे शिकायला होती," बाई म्हणाल्या. "बडबड करते फार. पण शिकेल."

आत्याचा रस तिथेच संपला. ती जेवणाकडे वळली. बाई पुढे सरकल्या, तर तिथे आई. मोतिया रंगाची साडी, नाकात नथ, वरमाईचा रुबाब. बाईंनी हात जोडले.

"नमस्कार. आपण कोण?"

"मी मुलाची आई," आई म्हणाली. "याआधी भेट झाली नाही आपली. जेवल्याशिवाय जायचं नाही हं."